हुंगेकाका आणि निळं पिंप

हुंगेकाकांइतका चिडका माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि ते चिडायचे ते माणसांवर कमी, भांड्यांवर जास्त. कुठलंही भांडं हातात आलं की झाकण काढायचे, आत नाक खुपसायचे आणि डोळे मिटून हुंगायचे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. त्यांची सगळी नोकरी एका औषधांच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली होती. मूळचे मालवणचे, राग आला की थेट मालवणीवर यायचे.

निवृत्तीनंतर ते घरी बिअर करायचे आणि रविवारी जेवणाआधी अर्धा ग्लास प्यायचे. त्यांचं बघून मीही एकदा केली, आईच्या लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत. मोठ्या हौसेने त्यांना चाखायला नेली. एक घोट घेऊन ते मोरीकडे धावले.

"मेल्या, ही बिअर नाय, कैरीचो खार आसा! देवान नाक कित्याक दिल्यान तुका?"

पण शिकवलं त्यांनीच. प्लास्टिक वास धरून ठेवतं, ओरखड्यांत जंतू बसतात. काच स्वच्छ, पण हातातून निसटली की संपलं. झाकण गच्च लावलंस तर गॅसने भांडं फुटेल, त्याला वाट ठेव. वर फेसाला जागा ठेव. त्यांचं स्वतःचं भांडं स्टीलचं होतं. "यीस्ट जिवंत असतं रे," ते म्हणायचे, "आपण राहणार नाही अशा घरात त्याला का कोंबायचं?"

मला मात्र मोठं आणि स्वस्त हवं होतं. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी एक जण जुनी निळी पिंपं विकतो, असं मला कळलं होतं. काका आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, "चल. तू एकटा गेलास तर विष घेऊन येशील."

खरंच विष होतं. पहिल्याच पिंपात नाक घालून ते मागे सरले. लेबल खरवडलेलं होतं, तरी कीटकनाशकाचा वास स्पष्ट येत होता. शेजारी एक बाई तसंच पिंप निवडून उभी होती. वर वस्तीत दिवसाआड पाणी येतं, ते साठवायला.

"बाई, हे घेऊ नका. पोरं आजारी पडतील."

"ओ अंकल, धुतलेलं आहे," पिंपवाला म्हणाला. "सगळे नेतात. तुम्हाला नको तर निघा ना."

काकांनी तिथलीच बादली उचलली, पिंपात पाणी ओतलं, खळखळवलं, आणि त्यातलं पाणी तिथल्याच एका मगात भरून त्याच्यासमोर धरलं.

"धुतलेला मा? मगे पी. आत्ता, माझ्यासमोर पी!"

त्याने तो मग हाताने उडवून लावला. काकांनी कोपऱ्यातली लोखंडी पहार उचलली आणि त्या पिंपाच्या बुडाला भोक पाडलं. मग दुसऱ्याला. तिसऱ्याला पाडायच्या आत दुकानातल्या दोघांनी त्यांना खाली पाडून मारायला सुरुवात केली.

मी तीन पावलांवर उभा होतो. पुढे झालो नाही.

हवालदार आला. त्याने मला विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर का? पिंप कशाला हवं होतं?"

परवाना नसताना घरी बिअर करतो, हे पोलिसाला सांगायचं? नोकरी, सोसायटी, आई, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "नाही साहेब. मी नुसतं गिऱ्हाईक."

काकांच्या ओठातून रक्त येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. ती बाई मात्र पुढे झाली. "ते खोटं नाय बोलले साहेब. मी येते चौकीवर." आणि ती खरंच गेली. मी रिक्षा केली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचं दार वाजवलं. मला शिव्या हव्या होत्या. ते शांतपणे म्हणाले, "तुला बिअर करायची तर कर. माझ्याकडे येऊ नकोस." त्यांनी मला त्यांच्या रागाच्याही लायक ठेवलं नाही.

दोन वर्षांनी ते गेले. घरात गर्दी होती, आणि त्यात माझ्या ओळखीच्या नसलेल्या दहाबारा बायका. डोंगरावरून आल्या होत्या. त्यांच्याकडूनच कळलं: काका दर आठवड्याला वस्तीत जायचे. दारोदार फिरून प्रत्येक पिंप हुंगायचे, वाईट निघालं की फेकायला लावायचे, आणि फेकलं नाही तर भांडायचे.

मला आजही राग येतो. त्या पिंपवाल्याचा येतो. त्याचं दुकान अजून चालू आहे. वस्तीतल्या लोकांना ते पाणी प्यावं लागतं म्हणून येतो. पण त्या दिवशी माझ्या तोंडून सहज निघालेल्या त्या 'नाही'चा जितका येतो, तितका कशाचाच नाही.

काका गेले त्या दिवशीच्या गर्दीत, चौकीवर गेलेली ती बाईही आली होती. काकांच्या मुलीशी बोलता बोलता तिची नजर माझ्यावर थांबली.

"तुम्ही होतात ना तिथे?"

"हो," मी म्हणालो. "मी त्यांच्याबरोबरच आलो होतो."

"बरोबर आला होतात?" तिचा आवाज चढला. "मग मार पडत होता तेव्हा कुठे होतात?"

काकांच्या मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.