पट्ट्यावरचा सराव

यादी केल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. भाजीला जायचं असलं तरी चिठ्ठी लागते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पहिल्यांदा परदेशी जायचा योग आला, तेव्हा तर वहीची पानंच्या पानं भरली. पोटाच्या गोळ्या, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, बॅगेच्या कुलपाची दुसरी किल्ली. काम झालं की खूण. एका ओळीपुढे मात्र खूण होईना. तिथं मी लिहिलं होतं, ‘सरकता जिना’.

मुळात मी भित्री नव्हे. बदनापूरला वाढले. विहिरीत मुटका मारायला पोरांच्या आधी मी असायचे. शाळा सुटली की स्टेशनवर बसून येणारी गाडी कुठून आली, कुठं चालली, याच्या गप्पा मारायच्या, आणि आपणही एक दिवस लांब जायचं, हे ठरवूनच घरी यायचं. लांब म्हणजे औरंगाबाद नव्हे. समुद्रापलीकडे.

भीती बसली ती लग्नानंतर. दीर आखाती देशात नोकरीला निघाले होते, त्यांना पोचवायला आम्ही दोघं मुंबईला गेलो. वेळ होता म्हणून एका मोठ्या दुकानात शिरलो. तिथं सरकता जिना होता. आमचे हे शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे कुठल्याही जागी आपल्याला वाट कळते असा त्यांचा समज. ते ऐटीत चढले आणि वर गेले. मी नवी साडी सावरत डावा पाय ठेवला. पाय निघाला, बाकीची मी तिथंच. घाबरून पाय मागे ओढला तर चप्पल पायरीवर राहिली आणि एकटीच वर गेली. वरच्या टोकाला ती ह्यांच्या पायाशी जाऊन धडपडायला लागली.

ते चप्पल हातात धरून वर उभे, मी एका पायात चप्पल घालून खाली उभी, आणि मधे गर्दी.

“ये ना वर!” ते ओरडले.

“तुम्हीच या खाली!”

“हा जिना खाली येत न्हाई!”

शेवटी ते कुठून तरी साधा जिना शोधून उतरले. त्या दिवसापासून सरकता जिना नुसता चित्रात दिसला तरी माझ्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. जालना जिल्ह्यात तसा जिना नव्हताच, म्हणून हे कुणाला कळलं नाही.

पुढे मी एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. बी किती उगवतं ते तपासायचं काम. पासपोर्ट मी केव्हाच काढून ठेवला होता. कशासाठी, असं विचारणाऱ्याला “असू द्या” म्हणायचे. तो लोखंडी कपाटात साड्यांखाली कोरा पडून होता आणि मुदत संपायला वर्षच उरलं होतं. अशात एके दिवशी साहेबांनी बोलावलं. थायलंडला प्रशिक्षण, प्रयोगशाळेतून एकानं जायचं.

“पुढच्या सोमवारपर्यंत नक्की सांगा,” ते म्हणाले. “जमत नसेल तर हैदराबादच्या ऑफिसातलं नाव तयार आहे.”

मी तिथंच हो म्हणणार होते. पण आदल्या वर्षी जाऊन आलेला एक सहकारी शेजारी उभा होता. तो कौतुकानं म्हणाला, “म्याडम, मजा हे. तिथल्या विमानतळावर चालायचं कामच न्हाई, सगळं सरकतं.”

मी “सांगते” म्हणून बाहेर आले.

घरी ह्यांना म्हटलं, “साहेबांना कारण काय देऊ? जिन्याला भिते म्हणून जात नाही, असं सांगू?”

“अगं, बाजूला साधा जिना असतोच.”

“आणि नसला तर?”

“तर चप्पल पुढं पाठव.”

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गोदामात गेले. आमच्याकडे बियाण्याची पाकिटं पोत्यात भरायचं काम बायका करतात. पोत्याचं तोंड शिवलं की ते एका रुंद रबरी पट्ट्यावर टाकतात. पट्टा जमिनीपासून वीतभर उंच. पोतं सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जातं आणि तिथं हमाल त्याची थप्पी लावतात. त्या दिवशी मी घास खायचा सोडून पट्ट्याकडेच बघत उभी होते.

“काय म्याडम, पोते मोजून राह्यल्या का?” त्या बायकांची मुकादम म्हणाली. वयानं माझ्याहून थोडीच मोठी, पण सगळा कारखाना तिला मावशी म्हणायचा.

का कुणास ठाऊक, मी तिला चपलेपासून सोमवारपर्यंत सगळं सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं पट्ट्याकडे बोट केलं.

“म्हंजी खालचं सरकतं आन् माणूस उभा. बराबर? मंग हे काय येगळं हाय?”

“अहो मावशी, ते पोत्यांसाठी आहे.”

“तुम्ही काय एका पोत्याहून जास्त भरताव का? भरताव थोड्या, पण पट्टा वढतो. उद्या साडी नका नेसू, पंजाबी घालून या.”

दुसऱ्या दिवशी डबे बाजूला पडले. मावशीनं एकीला पट्टा थांबवायच्या लाल बटणावर हात ठेवून उभं केलं, पट्टा अगदी हळू लावला, आणि बाकीच्या दोन्ही बाजूंनी रांगेत उभ्या राहिल्या, वरातीला उभ्या राहाव्या तशा. मी पाय टाकला आणि सरळ बसले. बसल्या बसल्या थप्पीपर्यंत गेले.

“म्याडम, पोतं सुदिक उभं ऱ्हातं!” कुणीतरी ओरडलं.

“खाली बघू नका,” मावशी माझे दोन्ही हात धरून बाजूनं उलटी चालत होती. “थप्पीकडं बघा. उजवा टाकला की लगेच डावा. मधी इचार करायचा न्हाई.”

सगळ्यात अवघड होतं उतरणं. थप्पीवर आदळायचं नसेल तर टोक यायच्या आत डाव्या अंगाला उडी मारावी लागे. मावशीनं त्याला आवाज ठरवून दिला होता. ती “हुप्प” म्हणाली की उडी. दोन-तीन सुट्ट्यांत मी उभी राहायला लागले. मग मावशीनं हात सोडले. मग मीच “हुप्प” म्हणायला लागले.

शनिवारी मी पट्ट्यावर मधोमध होते, हात पसरलेले, नजर थप्पीवर. थप्पीमागून साहेब आले. मधेच उतरायचं आम्ही शिकलो नव्हतो. त्यामुळे मी हळूहळू त्यांच्याकडे सरकत राहिले.

“नमस्कार साहेब,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“हे काय चाललंय?”

“सायेब, म्याडम थायलंडला चालल्या,” मावशी म्हणाली.

“पट्ट्यावरून?”

लाल बटणावरची बाई तोंडात पदर कोंबून हसत होती, त्यामुळे बटण दाबायचं तिला सुचलंच नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तोवर मी आणखी जवळ आले.

“मॅडम, तुम्हाला नक्की जमणार आहे का?”

“हुप्प!” मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोर दोन्ही पायांवर उतरले. “जमेल साहेब.”

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं, आणि म्हटल्यावर परत घेता येईना.

“मशीनवर पुन्हा कुणी चढलं तर नोटीस काढीन,” ते सगळ्यांकडे बघून म्हणाले. मग मला म्हणाले, “पासपोर्ट आजच आणून द्या. तिकीट काढायचंय.”

विमानाची मला भीती वाटली नाही. खिडकीची जागा मागून घेतली आणि ढग वरून कसे दिसतात ते मनसोक्त पाहिलं. बँकॉकला उतरल्यावर लांबच लांब रस्त्यात सरकता पट्टा लागला. हुबेहूब आमचा, फक्त पोती नव्हती. मी उजवा-डावा करून चढले आणि इतरांकडे जरा मालकिणीसारखं बघत गेले. टोक आल्यावर सवयीनं “हुप्प” निघालं आणि उडीही. एक गोरा गृहस्थ दचकून बाजूला झाला.

कोपरा वळले तर जिना. सरकता, आणि खाली जाणारा. आमचा पट्टा सपाट होता, आणि खाली जायचा सराव कुणीच केला नव्हता. शेजारचा साधा जिना दोरी लावून बंद केलेला. पायऱ्या माझ्या पायांपुढून उगवत होत्या आणि समोर पडत होत्या. पाठीमागच्यांना मी हातानं “तुम्ही व्हा पुढे” करत राहिले. विमानातली सगळी माणसं माझ्यासमोरून उतरून गेली.

राहिली एक म्हातारी. ठेंगणी, हातात कापडी गाठोडं. बदनापूरच्या बसस्टँडवर बसली असती तर कुणी वळून पाहिलं नसतं. मी तिला हातानं पुढे व्हायला सांगितलं. तिनं मान हलवून मला सांगितलं. मी पुन्हा तिला. असं दोन-चारदा झाल्यावर मी तिच्या पायांकडे पाहिलं. तिनं चपला काढून गाठोड्यात खोचल्या होत्या.

मला हसूच आलं. बाई माझ्याहून हुशार होती, आधीच सोय करून ठेवली होती. पण अनवाणी त्या लोखंडी दात्यांवर? मी तिला चपला घालायला लावल्या, गाठोडं खांद्याला अडकवलं आणि तिचा हात घट्ट धरला.

“खाली बघायचं न्हाई,” मी चक्क मराठीत म्हणाले, तेही मावशीच्या आवाजात. “समोर बघा. उजवा टाकला की लगेच डावा. मधी इचार करायचा न्हाई. चला!”

पाय पडले. तिनं माझ्या दंडात नखं रुतवली आणि मोठ्यानं काहीतरी म्हणायला लागली. देवाचं नाव असेल किंवा मला शिव्या असतील. मी समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या चित्राला थप्पी समजून नजर लावली. टोक आलं.

“हुप्प!”

दोघींनी उडी मारली. ती खाली उतरून आधी माझ्याकडे बघत राहिली, मग इतकी हसली की पहारेकरी चौकशीला आला. ती मला जिन्याकडे ओढायला लागली. तिला पुन्हा करायचं होतं. वर जायची वाट नव्हती म्हणून, नाहीतर मीही गेले असते.

परत आल्यावर पहिल्याच जेवणाच्या सुट्टीत मी गोदामात पासपोर्ट नेला. मशीनवर चढायची बंदी होती, माणसांना. मावशीनं पासपोर्ट उघडा करून पट्ट्यावर ठेवला आणि पट्टा हळू लावला. तो एकेकीसमोरून सरकत गेला आणि एकेकीनं वाकून शिक्का तपासला.

“तिरपा मारलाय की.”

“शाई बराबर लागली न्हाई.”

“म्याडम, ह्यो फोटो कुनाचा हाय?”

तोवर मावशी टोकाला जाऊन उभी राहिली होती. थप्पीवर पडायच्या आत तिनं तो डाव्या हातानं उचलला, पदरानं पुसला आणि मला दिला.

“मंग, आता कुठं?” ती म्हणाली.