खिडकीतलं प्रकरण

चहा घ्या, सांगतो. पण हसायचं असेल तर शेवटी हसा, मधेच हसलात तर मी गप्प बसेन. कारण गोष्ट माझ्याच मूर्खपणाची आहे, आणि इतक्या वर्षांनीही ती सांगताना माझे कान गरम होतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा मंद्रूपचा, घरी जिरायत शेती. सोलापुरात मेडिकलला आलो, तो घराण्यातला पहिला डॉक्टर व्हायला. पहिल्याच वर्षी माझी उंची बघून कुणीतरी हातात बास्केटबॉल दिला आणि म्हणालं, त्या कड्यातून टाक. टाकला. गेला. झालं, त्या दिवसापासून मी कामातून गेलो.

मंद्रूपात हा खेळ कुणाला माहीत असणार? सुट्टीत गेलो तेव्हा मी आईला हौसेनं सगळं समजावून सांगितलं. उंचावर टोपलीसारखी जाळी असते, तिच्यात चेंडू टाकायचा, की तो खालून बाहेर पडतो. आईनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे टोपली फाटकीच हाय की रं. आदी ती शिवून का घेत न्हाईत?"

तर एम.बी.बी.एस. होईपर्यंत सगळं बरं चाललं. दिवसा अभ्यास, संध्याकाळी मैदान. पुढं मी मेडिसिनला एम.डी.साठी लागलो आणि तिथं घोडं अडलं.

आमचे खात्याचे प्रमुख कर्णिक सर. माणूस विद्वान, पण कडक म्हणजे किती कडक? सर वॉर्डात शिरले की पेशंट कण्हायचे थांबत. सरांचा संध्याकाळचा राउंड पाच वाजता सुरू व्हायचा. आणि खाली मैदानावर आमच्या टीमचा सरावही पाचलाच. माझं नाव टीममध्ये होतं, कारण एम.डी.ची पोरंही कॉलेजकडून खेळू शकत. नाव खाली आणि देह वरच्या मजल्यावर, अशी माझी अवस्था.

त्यातून आमच्या पुरुष वॉर्डाची खिडकी नेमकी मैदानावर उघडायची. तुम्ही कधी असं काही अनुभवलंय का, की आपलं जे आहे ते समोर चाललंय आणि आपण तिथं नाही? खालून चेंडूचा आवाज यायचा. धप्, धप्, धप्. मग क्षणभर शांतता. त्या शांततेत चेंडू हवेत असतो. तेवढ्यापुरता माझाही श्वास थांबायचा. मग ओरडा ऐकू आला की समजायचं, गेला. मी पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभा असायचो आणि कानात तोच आवाज.

एकदा अक्कलकोटकडचे एक आजोबा ॲडमिट होते. मी त्यांची छाती तपासत होतो. बराच वेळ झाला असावा, कारण आजोबा हळूच म्हणाले, "डाक्टर, यप्पा, माझं काळीज हिकडं हाय. तुमी तिकडं कुटं बघताय?"

सगळा वॉर्ड हसला. आजोबांनी उशीवरून मान वर करून, मी कुठं बघतोय ते बघितलं. आणि मग ते असं काही गालात हसले, की सांगता सोय नाही. "बघा, बघा," म्हणाले. "वयच हाय की तुमचं."

मला वाटलं, म्हातारा खेळाचा शौकीन दिसतोय.

आता इथं तुम्हाला एक नकाशा सांगायला हवा. वॉर्डाची खिडकी, तिच्यासमोर मैदान, आणि मैदानाच्या पलीकडं लेडी डॉक्टरांचं हॉस्टेल. त्याच्या पहिल्या मजल्यावर एक गॅलरी. त्या गॅलरीत रोज संध्याकाळी डॉ. सरोजा खुर्ची टाकून बसायच्या. भवानी पेठेतल्या, घरी हातमाग, घरात तेलुगू बोलणाऱ्या. भूल देण्याच्या खात्यात त्या शिकत होत्या. ऑपरेशनं आटोपली की हातात चहाचा कप घेऊन बसायच्या. हे सगळं मला नंतर कळलं. मी गॅलरीकडं कधी बघितलंच नव्हतं. खोटं वाटतंय ना? सगळ्यांनाच वाटलं.

आजोबांनी नर्सला सांगितलं, नर्सनं दुसऱ्या नर्सला. आमचा हृदयविकाराचा वॉर्ड, बातमी पसरायला किती वेळ? काही दिवसांत मी खिडकीशी गेलो की पेशंट आपापसात खुणा करायला लागले. सिस्टर मला विनाकारण दुसरा चहा द्यायला लागल्या. मला वाटलं, माझी टीम सुटली म्हणून लोकांना माझी कीव येतेय. किती चांगली माणसं आहेत, असं म्हणून मी तो चहा प्यायचो.

आमच्या टीममध्ये बशीर होता. पॅथॉलॉजीला होता, पक्का सोलापूरचा. त्याला या बातमीचा पत्ता नव्हता, कारण तो कायम मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला. तो जिन्यात भेटला आणि म्हणाला, "क्या मियाँ, बस ऊपर से देखतेच रहता क्या? नीचे आ ना. इंटर-कॉलेज के मॅचां आ रहे. सर कू एक बार बोल के तो देख."

"सर जीव घेतील रे."

"ऐसा भी मर रहाच है तू."

ते मला पटलं. सरांना गाठायचं ठरवलं. पण त्याआधी सरांनीच मला बोलावलं.

केबिनमध्ये सर एकटे होते. चष्मा पुसत होते. "बस," म्हणाले. एम.डी.ला लागल्यापासून सरांनी मला बस म्हटलेलं ते पहिल्यांदा.

"तुझं लक्ष नाही वॉर्डात. खिडकीकडं असतं. खरं का?"

मी मान खाली घातली. "खरं आहे सर."

"कधीपासून चाललंय हे?"

"फर्स्ट इयरपासून सर."

सर जरा चमकले. "इतकी वर्षं? आणि कुणाला बोलला नाहीस?"

"सगळ्यांना माहीत आहे सर. मला वाटलं तुम्हालाही असेल."

सरांनी चष्मा घातला, परत काढला. "घरी माहीत आहे?"

"आईला सांगून बघितलं. तिला काही कळलं नाही. फाटकं आहे म्हणाली."

"फाटकं?" सर थोडे रागावले. "गरिबी हा काही दोष नाही. पण तुला काय वाटतं ते सांग."

आणि मग मला राहवलं नाही. कर्णिक सरांसमोर, ज्यांच्यासमोर मी ब्लड प्रेशरचा आकडासुद्धा अडखळत सांगायचो, मी भडाभडा बोललो. म्हटलं, सर, ती ओढच अशी आहे की संध्याकाळ झाली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मेडिसिन मला आवडतं, मी ते सोडणार नाही. पण आठवड्यातून दोनदा जरी खाली जायला मिळालं ना, तरी बाकीचे दिवस मी मरमर काम करीन.

सरांनी उठून खिडकीबाहेर नजर टाकली. मग म्हणाले, "मंगळवार आणि शुक्रवार. राउंड मी दुसऱ्याला सांगतो. पण एक अट. जे करायचं ते उघड्यावर, चार लोकांसमोर. लपूनछपून नाही."

"सर, मैदानातच," मी म्हणालो.

"शहाणा आहेस," सर म्हणाले.

केबिनच्या बाहेर आलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तिकडं सरांच्याही असावं.

मंगळवारी मी मैदानात उतरलो. पाय जड झालेले, दम लागत होता, नेम पार गेलेला. पण चेंडू हाताला लागला आणि काय वाटलं म्हणून सांगू? गावाकडं एसटीतून उतरल्यावर आपल्या मातीचा वास येतो ना, तसं काहीतरी. वरून वॉर्डातले चालते-फिरते पेशंट खिडकीत गोळा होऊन बघत होते. मी त्यांना हात केला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी खेळ रंगात आला आणि मैदानाच्या कडेला मला एक ओळखीचा फेटा दिसला. आमचे आण्णा. माझे वडील. स्वच्छ धोतर, नवा सदरा, हातात पिशवी. गावात कुणी गेलं की काय, या भीतीनं मी धावत गेलो.

"आण्णा, तुमी हितं? घरी सगळं बरं हाय ना?"

"बरं हाय. तुज्या सायबानं निरोप धाडला. म्हनलं, पोरगं चांगलं हाय, अडवू नगा, एकदा येऊन बगून जावा." आण्णांनी मैदानावर नजर फिरवली. "कुटं हाय ती?"

"कोण ती?"

"आता माज्यापुडं लाजतो व्हय रं? जिच्यापायी जीव टांगनीला लागलाय, ती."

मी खरंच गोंधळलो. मला वाटलं, आण्णांना खेळाचं नाव घेता येत नाही म्हणून असं बोलतायत. मी बशीरकडून चेंडू मागितला आणि आण्णांच्या हातात दिला.

"हा बघा. हेच."

आण्णांनी चेंडू उलटापालटा करून बघितला. बाजारात नारळ वाजवून बघतात तसा बोटांनी वाजवला. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्याच्याशी लगीन करनार हाईस?"

मग आण्णांच्या बोलण्यातून सगळा उलगडा झाला: मी गॅलरीतल्या डॉ. सरोजांकडं बघतो असं अख्खं हॉस्पिटल धरून चाललं होतं, आणि सरांनीही. आण्णांनी पिशवी उघडून दाखवली. आत आईनं होणाऱ्या सुनेसाठी दिलेलं इरकली लुगडं होतं. बशीर हसता हसता मैदानातच बसला. आण्णा मात्र हसले नाहीत. लुगडं परत घडी करून ठेवताना एवढंच म्हणाले, "तुजी आई लई खुश झाली हुती रं."

आण्णांनीच जाऊन सरांना खरं काय ते सांगितलं. केबिनमधून सरांच्या हसण्याचा आवाज आला आणि बाहेरचे शिपाई घाबरून उभे राहिले, कारण तो आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. सरांनी मंगळवार-शुक्रवार काढून घेतले नाहीत. आणि मी पुढचा आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो, अहो, कसली डॉ. सरोजा, मी तर चेंडू बघत होतो. लोक हसायचे, मी हसायचो.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला चहाला बोलावलंही नसतं.

झालं असं की, हे सगळं सांगता सांगता मी एकदा खेळताना सहज मान वर केली. गॅलरीत डॉ. सरोजा बसलेल्या. कप कठड्यावर, हनुवटी हातावर, आणि नजर सरळ मैदानात. दुसऱ्या वेळी बघितलं, तशाच. तिसऱ्या वेळी त्यांच्या केसांत अबोली दिसली आणि माझ्या हातातला चेंडू निसटला.

मग मला प्रश्न पडला. ही बाई रोज इथं का बसते? इतकं सगळं हॉस्पिटल बोलत होतं, ते हिच्या कानावर गेलं असणारच. तरी ही बसते. म्हणजे काय? आणि मी मूर्ख, गावभर सांगत सुटलो की मी हिच्याकडं बघतच नव्हतो. केवढं लागलं असेल बिचारीला. आता विरोधाभास बघा. वॉर्डात होतो तेव्हा मन मैदानात. मैदानात आलो तर मन गॅलरीत. अफवा खोटी आहे म्हणून ज्यानं सगळ्यांना पटवलं, त्या एकट्याचाच आता त्या अफवेवर विश्वास बसला.

शेवटी धीर केला. एका शुक्रवारी त्या ऑपरेशन थिएटरमधून परतताना मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाखाली मी त्यांना गाठलं. अंगावर घामेजलेला बनियन, काखेत चेंडू.

"डॉक्टर," मी म्हणालो, "लोकांनी तुमचं नाव माझ्याशी जोडलं. मी ते हसण्यावारी नेलं. तुम्हाला वाईट वाटलं असेल. पण तुम्ही रोज तिथं बसता, वाट बघता, हे मला उशिरा कळलं. आता मीही..."

पुढचं वाक्य मी पाठ केलं होतं, ते विसरलो.

त्या माझ्याकडं बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. पेशंट भुलीत काहीबाही बडबडतो तेव्हा बघतात तसं बघत होत्या.

"मी खेळ बघत होते," त्या म्हणाल्या.

"खेळ?"

"शाळेत असताना खेळायचे मी. मॅट्रिक झाले आणि घरचे म्हणाले, आता बास, मोठी झालीस की. इथं आले तर मुलींची टीमच नाही. दिवसभर लोकांना झोपवायचं, मग संध्याकाळी तेवढं बघत बसते." त्यांनी जाळीकडं नजर टाकली. "तुमच्याकडं कशाला बघू? तुम्ही मधे यायचात."

मी चेंडू या काखेतून त्या काखेत घेतला.

"आणि शॉट मारताना तुमचं कोपर बाहेर जातं," त्या म्हणाल्या. "म्हणून डावीकडं पडतो. किती दिवस सांगावंसं वाटत होतं."

मग त्यांनी हात पुढं केला. मी चेंडू दिला. त्यांनी पदर कमरेला खोचला, चप्पल काढून लिंबाखाली ठेवल्या, आणि अनवाणी मैदानात गेल्या. एकदा चेंडू आपटला, दोनदा आपटला. हाताला आठवतंय का, ते बघितल्यासारखं. माझं सगळं दुःख मी त्या क्षणी विसरलो, कारण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होतो. वॉर्डाच्या खिडकीत उभं राहून मी जे काही सोसलं होतं ते सगळं, आणि शिवाय कित्येक वर्षांचं जास्तीचं.

चेंडू उडाला. कड्याला न लागता, जाळीला नुसता घासून आरपार खाली आला.

त्यानंतर त्या भल्या सकाळी, थिएटर सुरू व्हायच्या आधी खेळायला यायला लागल्या. बशीर यायचा, मी यायचो. त्यांचा अभ्यासक्रम संपून त्या हैदराबादकडं गेल्या, तोवर हे चाललं. माझा खेळ त्या दिवसांत सुधारला असेल असं तुम्हाला वाटेल. उलट मी टीममधून गेलो. बशीर बिचारा ओरडून ओरडून थकला, "बॉल कू देख रे, मियाँ, बॉल कू." पण आता मी खरोखरच त्यांच्याकडं बघत उभा राहायचो, आणि त्या चेंडू घेऊन माझ्या शेजारून निघून जायच्या.