रजिस्टरातले सोळा महिने

दिघाशीच्या शाळेत १९७० सालच्या जूनमध्ये सरोजिनीबाईंनी पहिलीच्या रजिस्टरात स्वतःच्या मुलाचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. अवधूतचं वय भरत नव्हतं. तो पासष्टच्या कोजागिरीला जन्मला होता, गावातच, गोदूबाई सुइणीच्या हातून. पण त्यांचे यजमान प्रभाकरराव सकाळच्या गाडीनं भिवंडीला कोर्टात कारकुनीला जात, घरात दुसरं माणूस नव्हतं, आणि पोर नाहीतरी दिवसभर बाईंच्या टेबलाखालीच खेळायचं. तर बसू दे वर्गात, वर्ष तरी वाचेल. त्यांनी जन्मतारीख लिहिली १ जून १९६४. वर्गातल्या निम्म्या मुलांची तारीख तीच होती. सोळा महिने वाढवले याचं त्यांना काही वाटलं नाही. बी.ए. झालेल्या होत्या, पण ही गोष्ट तेव्हा कोणीच खोट्यात धरत नसे.

मुलगा पाचवीत गेल्यावर कुटुंब भिवंडीत राहायला आलं. घरामागच्या मैदानात रात्रपाळी सुटलेले लूमवरचे कामगार सकाळी फुटबॉल खेळत. अवधूत वर्गात सगळ्यांत लहान, इथे तर फारच लहान. अंगानं भिडणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तो गोलपाशी रेंगाळायचा आणि मोठ्यांच्या पायांतून सुटलेला बॉल आत ढकलायचा. कामगार त्याला ‘मास्टरनी का लड़का’ म्हणत. पुढे आयुष्यभर तो तसाच खेळला. ऐंशी मिनिटं दिसायचा नाही आणि मग एकदाच दिसायचा.

त्र्याऐंशीत राज्याच्या ज्युनियर संघाची निवड होती. वयाची अट एकोणिसाच्या आतली. अवधूतला अठरावं सरलं नव्हतं, कागदावर मात्र एकोणिसावर दोन महिने झाले होते. निवड करणाऱ्यांनी दाखला परत दिला. सरोजिनीबाईंनी त्या दिवशी वरणात दोनदा मीठ घातलं. मुलगा ते जेवला आणि खेळायला गेला.

मग सुरू झाली कंपन्यांची चाकरी. मुंबई-ठाण्याच्या कंपन्या आपापले संघ बाळगत आणि खेळाडूंना वर्षाच्या करारावर घेत. आधी ठाण्याची एक कापडगिरणी, ती बंद पडली. मग रंगाचा कारखाना, त्यांनी संघच मोडला. मग एक बँक, तिथे दोन मोसम, बहुतेक वेळ बाकावर. मग एक रसायनांची कंपनी. दर मे महिन्यात बाई विचारत, यंदा कायम करतील का? तो म्हणे, बघू. एक्क्याण्णवात लग्न झालं, ब्याण्णवात मुलगी झाली, तिचं नाव विद्युल्लता ठेवलं. गुडघा दुखू लागला. बाईंना आता एकच घोर होता, पाय थकायच्या आत याला कायमची नोकरी लागली पाहिजे.

त्र्याण्णवात ती चालून आली. एका सरकारी कंपनीला खेळाडूंच्या कोट्यातून एक स्ट्रायकर हवा होता, कायम. तिथल्या संघाचे प्रशिक्षक काळूराम हे भिवंडीजवळच्याच गावचे. ते स्वतः घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले की पोरगा त्यांना हवा आहे, पण अट अठ्ठावीसच्या आतली आणि दाखल्यावर एकोणतीस भरतात.

बाईंनी सगळं सांगितलं. काळूराम आधी हसले, मग त्यांनी कप खाली ठेवला.

“बाई, मुंबईत वय कमी करून खेलनारं पायलीला पन्नास हायेत. वाढवून आनलेला तुमचा ह्यो पयलाच. कोन इश्वास ठेवनार?”

“पण खरं आहे ते.”

“खरं हाय. पन तसा कागद न्हाय ना.”

कागद बाईंनी आणला. अंबाडी गावावरून दिघाशीला जाऊन त्यांनी ग्रामपंचायतीत जन्माचं जुनं रजिस्टर काढायला लावलं आणि उतारा घेतला. पण उताऱ्यावर नुसतं ‘पुरुष’ लिहिलेलं होतं, मुलाचं नाव नव्हतं. म्हणून त्यांनी दुसरा कागद स्वतः लिहिला: शाळेतली नोंद माझ्या हातची आहे, ती मी जाणूनबुजून चुकीची केली. प्रभाकरराव म्हणाले, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, मुख्याध्यापिका आहेस, उद्या चौकशी लागली तर? बाई म्हणाल्या, लागू दे. सही वाकडी आली, म्हणून त्यांनी कागद बदलून पुन्हा सही केली.

मुलाखतीहून अवधूत संध्याकाळी आला. दोन्ही कागद पाकिटात तसेच होते. ते टेबलावर ठेवून तो बूट काढायला बसला.

“वाचले का त्यांनी?” बाईंनी विचारलं.

“वाचले. मग साहेबांनी कपाटातून फाईल काढून दाखवली. त्यात असे अकरा कागद होते, सगळे वय कमी करून मागणारे.”

“मी कबुली दिली होती ना त्यात?”

“तीच वाचून म्हणाले, कमाल आहे तुमच्या आईची. मुलासाठी स्वतःवर आळ घेतला.”

बाईंच्या डोक्यात ते शिरायला थोडा वेळ लागला. जन्मात एकदा त्यांनी खोटं लिहिलं होतं, त्यावर तेवीस वर्षं कोणी बोट ठेवलं नव्हतं.

“चिडलास माझ्यावर?”

“त्र्याऐंशीत चिडलो होतो,” तो म्हणाला. “आता गुडघा धरलाय, गरम पाणी दे.”

पुढे तो आणखी दोन मोसम करारावर खेळला. शेवटच्या मोसमात तीन गोल केले. मग गुडघा कामातून गेला, आणि तो भिवंडीतल्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवू लागला. तीही नोकरी तात्पुरतीच होती.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये विद्युल्लताच्या शाळेचा फॉर्म घरी आला. वय पाच महिन्यांनी कमी पडत होतं. बाई निवृत्त होऊन घरी होत्या. चष्मा लावून त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि पेन उघडलं. जन्मतारखेच्या रकान्याशी आल्यावर म्हणाल्या, “पाच महिन्यांसाठी पोरीचं वर्ष जाईल रे.”

अवधूतनं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि स्वतःच्या खिशाला अडकवलं.

“जाऊ दे. तू आहेस ना घरी.”

फॉर्मची घडी करून त्यांनी ती पुढच्या जूनसाठी डब्यात ठेवली. मग नातीची वेणी घालायला बसल्या.