आधी समोरच्याचं!

कामगार-कराराला मुदत असते. मुदत संपली की तो कपाटात जातो आणि नव्याची बोलणी सुरू होतात. त्या बोलण्यांतून जन्मलेल्या किश्श्यांना मात्र मुदत नसते. करारागणिक त्यांत भर पडत जाते. केळापूरच्या बाजूला असलेल्या एका मोठ्या सूत-कारखान्यात मी गेलो होतो तो कामगार स्त्रियांची गाणी गोळा करायला. पुढे दोन्ही पक्षांनी ‘तिऱ्हाईत माणूस, बसू द्या’ म्हणून मला बोलण्यांनाही बसू दिले. गाणी थोडीच मिळाली. किस्से मात्र भरपूर!

वादाचा विषय सरळ होता. बॉबिनीवरचे सूत शंकूच्या आकाराच्या कोनावर गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यात स्वयंचलित मशिने येणार होती आणि तिथल्या बायकांना घरी बसावे लागणार होते. त्यांनाच नव्या मशिनांचे शिक्षण द्यावे आणि तसे करारात लिहावे, ही युनियनची मागणी. बायकांच्या वतीने बोलण्यांना बसत शकुंतलाबाई वानखडे. त्यांची स्वतःची नोकरी याच खात्यातली.

*

युनियनचे अध्यक्ष रामधन राठोड फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे; वडील तांड्याचे नाईक, तिथले तंटे तेच मिटवत. कंपनीकडून एचआर मॅनेजर पाठक, पुण्याहून नुकतेच आलेले. पहिल्याच बैठकीत पाठकांनी कंपनीची बाजू मांडायला तोंड उघडले, तोच राठोडांनी हात वर केला.

“साहेब, तुमचं मंग. आधी आमचं सांगा.”

“तुमचं तर तुम्हीच आत्ता सांगितलंत!”

“सांगतलं. तुमाले समजलं का, ते मले ऐकाचं हाय! माह्या बापासमोर भांडनारा आधी समोरच्याचं म्हननं सांगे. समोरचा ‘हाव’ म्हनला, का मंगच सोताचं.”

पाठकांनी प्रयत्न केला. “युनियनला नवी मशिनं नको आहेत.”

“येऊ द्या ना बाप्पा मशिनं!” शकुंतलाबाई उसळल्या. “आमाले काहून जा म्हनता?”

पाठकांनी पुन्हा मांडले. या वेळी होकाराचे ‘हाव’ आले. आपल्याकडे कथा सांगताना ऐकणाऱ्याचा हुंकार आल्याशिवाय सांगणारा पुढे सरकत नाही, हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. हुंकारावर अडलेली वाटाघाट मात्र प्रथमच पाहत होतो.

*

नियम दोघांनाही लागू होता. एकदा राठोडांनी कंपनीची बाजू अशी मांडली, की गिऱ्हाईक तुटण्याची भीती, जुन्या मशिनांचे रडगाणे, सगळे ऐकून पाठक नुसते मान डोलावत राहिले. युनियनचाच एक सभासद संतापला.

“अध्यक्ष, तुमी कोनाकडून हाय?”

“आता साहेबाकडून,” राठोड शांतपणे म्हणाले. “दम धर, मंग तुह्याकडून येतो!”

*

मध्यंतरी बोलणी फिसकटली आणि युनियनने कंपनीच्या चहावर बहिष्कार टाकला. दुसऱ्या दिवशी मंडळी घरून किटली घेऊन आली. पहिला कप राठोडांनी पाठकांपुढे ठेवला. पाठक गोंधळले.

“घ्या साहेब! बहिष्कार तुमच्या चहावर हाय, तुमच्यावर नाई.”

संघर्षाची मर्यादा इतक्या थोडक्यात सांगणारे वचन मला ग्रंथांतूनही फारसे आढळलेले नाही.

*

पाठकही काही कमी नव्हते. बायकांचे म्हणणे नीट सांगता यावे म्हणून ते स्वतः वाइंडिंगवर जाऊन उभे राहिले. सूत तुटले की गाठ मारायची. त्यांची गाठ काही बसेना आणि सूत पुन्हा पुन्हा तुटे. शकुंतलाबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

“साहेब, याच्यापरीस मशीनच बरी!”

पाठकांनी संधी साधली. “बाई, हे बैठकीच्या मिनिट्समध्ये घेऊ का?”

“घ्या ना! पन कोनाले पाहून म्हनलं, तेबी घ्या!”

सगळ्यात मोठ्याने हसले ते पाठकच.

*

पुढे एकदा पाठकांच्या पत्नीने राठोडांनाच फोन लावला.

“राठोडभाऊ, ह्यांना काय शिकवून ठेवलंत? मी काही बोलले की आधी माझंच मला समजावून सांगतात. घरात भांडण म्हणून रंगत नाही!”

*

शेवटची बैठक. निर्णय मुख्य कार्यालयातल्या नव्या डायरेक्टरांचा; ते फोनवरून हजर. आमच्यापैकी कोणाचाही आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. लाइन सारखी तुटत असल्याने कोण कोण बोलणार, ही ओळख करून देणेही राहून गेले. ते मराठी नसल्यामुळे बोलणे हिंदीत चालले होते. टेबलावर मधोमध फोन, आणि त्याच्याकडे टक लावून बसलेल्या शकुंतलाबाई. आज ‘नाही’ आले असते, तर त्यांच्यासकट खात्यातल्या सगळ्या बायका घरी!

रिवाजाप्रमाणे आधी पाठकांनी युनियनचे म्हणणे सांगितले. या बायांच्या हाताला सूत कळते, कंपनीने त्यांना घडवले आहे आणि आता मशिने आली म्हणून त्यांना उठवणे हे आपल्याच हाताने आपली गाठ तोडणे आहे, असे ते बोलत गेले. शकुंतलाबाईंनी ‘हाव’ म्हणण्याऐवजी पदर डोळ्यांना लावला. मग राठोडांनी कंपनीची अडचण सांगितली, काहीही हातचे न राखता. पाठकांनी मान डोलावली. आता दोघेही आपापल्या बाजूकडे वळणार, तेवढ्यात फोनमधून आवाज आला.

“बस, बस. पाठकजी, आपने कंपनी की बात बढ़िया रखी, बुरा मत मानना. लेकिन युनियनवाले साहब की बात सही है. औरतों को ट्रेनिंग दो, करार में लिख दो.”

पाठक राठोडांकडे पाहत राहिले. अखेर राठोडच फोनकडे वाकले.

“साहब, कंपनी की बात करनेवाला मैं राठोड. युनियन का अध्यक्ष.”

“और मैं पाठक, सर,” पाठक हळूच म्हणाले.

लाइन पुन्हा तुटली, असे मला वाटले. मग आवाज आला,

“तो फिर झगड़ा किसका है?”

शकुंतलाबाईंनी फोन स्वतःकडे ओढला.

“भांडन मिटलं साहेब! मशीन कवा येऊन राह्यली, तेवढं सांगा!”