प्रशिकची खिचडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — खरं म्हणजे मलाच माहीत नाही. ऐकून घ्या, झालं.

प्रशिक माझा जिवलग मित्र. तो किनवटकडचा, बौद्ध घरातला. मी मुखेडजवळच्या खेड्यातला, घरची शेती. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला असताना आम्ही एकाच खोलीत राहिलो. तो माझ्या गावी आला की आई त्याचा ताट-पेला वेगळा ठेवायची, नंतर राखेनं घासायची. मला लई राग यायचा. आईशी भांडायचो, अबोला धरायचो. बघा, किती चांगला होतो मी!

नोकऱ्या लागल्यावर पाठीवर बॅगा टाकून दोघं व्हिएतनामला गेलो. दोघांचाही पहिलाच परदेश. सुरुवातीला नुसते भिरभिरलो — रस्ता ओलांडायची भीती, माशांचा वास, कोणाचं काही कळेना. पण एक गोष्ट भारी होती. तिथं आडनाव कोणी विचारत नव्हतं. कोण कुठला, कोणाचा — काही नाही. आम्ही नुसती दोन काळी पोरं. प्रशिक असा मोकळा हसायला लागला, की मी त्याला तसं कधी बघितलंच नव्हतं.

मग डोंगरात एका म्हातारीच्या घरी उतरलो. खांबांवर उभं बांबूचं घर. वर माणसं, खाली डुकरं. जेवायला मधोमध एकच मोठं भांडं, आणि सगळ्यांच्या जेवायच्या काड्या त्यातच. तोंडात घालायच्या, परत भांड्यात. उष्टं-बिष्टं काही नाही! मी हबकलोच. म्हातारीनं तिच्याच काड्यांनी कोंबडीचा तुकडा उचलून माझ्या वाटीत टाकला. पाहुण्याचा मान तिथं असाच करतात. डोळे मिटून खाल्ला. तिच्या नवऱ्यानं टाकला, तोही खाल्ला.

मग म्हातारीनं प्रशिकला खुणावलं — आता तू वाढ तुझ्या भावाला. त्यानं हसत काड्या चाटल्या, चांगलासा तुकडा शोधला आणि माझ्या वाटीत ठेवला. "घे बे, भावा."

आणि माझा हात — कसं सांगू? — वाटीकडं जाईना. परक्या म्हातारीचं उष्टं चाललं. त्याचं चालेना. तिथं गाव नव्हतं, आई नव्हती, बघणारं कोणी नव्हतं. मग ती किळस कोणाची होती? माझीच की! "पोटात कळा मारून राहिल्या," म्हटलं आणि वाटी सरकवली.

त्याला खरं वाटलं. दुसऱ्या दिवशीचं फिरणं सोडून तो म्हातारीच्या चुलीपुढं बसला. बॅगेत घरची मूगडाळ होती, तिची मऊ खिचडी केली. मीठ बघायला चमचा तोंडात घातला — तोच परत पातेल्यात. मी बघत होतो. ताटली माझ्यापुढं ठेवून तो पातेलं घासायला खाली गेला.

मी ती खिचडी बांबूच्या फटीतून खाली लोटली. सगळी. डुकरं ओरडत धावली.

तो वर आला. "संपली?"

"हाव. लई झकास झालती."

मग मला दिसलं — त्याच्या खांद्यावर शितं होती. पिवळी, ओली. त्यानं ती बोटानं झटकली, म्हणाला, "बरं." एवढंच. पुढं सगळी सहल तो माझ्याशी नीट बोलला, बॅगसुद्धा उचलली माझी. मला वाटलं होतं भांडेल, शिव्या घालेल. मी आतून मेलो होतो, आणि वरून फोटो काढत होतो.

आता तो नांदेडला घर बांधून राहतो. मी गेलो की बसायला खुर्ची देतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि पोरीला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळून पाण्याची बाटली मागवतो. ती माझ्यापुढं ठेवतो. "सीलबंद हाय. पी." आवाजात राग नसतो.

मी झाकण फोडतो आणि पितो. घरातलं पाणी दे, असं मी त्याला आजपर्यंत म्हटलेलं नाही.