वारा पडला तेव्हा बाळू उघडे काय म्हणाला

वारा खांद्यावरचे स्टार मोजून दिशा बदलतो, असं तुम्हाला कुणी सांगितलंय का? आमच्या कॅप्टनसाहेबांची तशी खात्री होती.

मी कडावचा. चार वर्षं फौजेत शिपाई होतो. शेवटच्या उन्हाळ्यात आमच्या पलटणीची शिडाच्या बोटींची टीम शर्यतीसाठी खालापूर तालुक्यातल्या एका धरणावर आली. रोज ०५०० ला उठायचं, बोटी पुसायच्या, साहेबांचा चहा वेळेवर न्यायचा. साहेब सुकाणूवर बसत. पुढचं शीड नाईक बाळू उघडे सांभाळायचा. बाळू तिथल्याच डोंगरातल्या ठाकरवाडीचा. त्याचं घर काठावरून दिसायचं.

वारा ओळखायला त्याला आईने शिकवलं, खळ्यावर भात उपणताना. वारा एकदम पडला की ती सूप थांबवायची. पडलेला वारा फिरून दुसऱ्या बाजूने येतो आणि उडवलेलं भूस परत धान्यावर टाकतो. पाण्यावरही बाळू तेच बघायचा. पलीकडच्या काठाचं गवत, घारी, वाऱ्याने पाण्यावर उठणारा, सरकत येणारा काळा पट्टा. साहेब मोबाइलवरचं ॲप बघत.

शर्यत १४०० ला, म्हणजे दुपारी दोनला सुटली. वारा पश्चिमेचा, पाठीवर. साहेबांची बोट सगळ्यांत पुढे, शीड पूर्ण बाहेर काढलेलं. मी सेफ्टी बोटीत, रेडिओसकट. १४४१ ला वारा पडला. घाटमाथ्यावर वळवाचे ढग चढले होते. पाणी इतकं शांत, की वीस मीटरवरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"साब, घाटाकडनं फिरून येनार हाय. शीड उतरवू या."

"ॲपमध्ये पश्चिमच आहे. खळ्यावरचं ज्ञान खळ्यावर ठेव."

बाळूने माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाला, "कडावकर, जा रं, घाटाला ॲप दाखवून ये."

१४४६. घाटाकडच्या काठाजवळ पाणी काळं पडलं. मी रेडिओवर साहेबांकडे शर्यत थांबवायची परवानगी मागितली.

"निगेटिव्ह. कप आपला आहे. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो. कुणाची कीव करायची असेल तर माझी करू नका.

१४४९ ला वारा शिडाच्या उलट्या बाजूने आदळला. शिडाचा आडवा दांडा झटक्यात फिरला आणि बाळूच्या कानशिलावर बसला. बोट पालथी झाली. साहेब पोहत बाहेर आले. बाळू शिडाखाली अडकला होता. शीड कापून मी त्याला १४५८ ला वर काढलं. श्वास नव्हता.

रिपोर्टात दोन वाक्यं होती. वारा अचानक बदलला. क्रूने डोकं वेळेवर खाली घेतलं नाही. ज्या एका माणसाला आठ मिनिटं आधी कळलं होतं, चूक त्याच्याच नावावर. खाली साहेबांची सही सुरेख होती.

बाळूची ट्रंक घेऊन मी वाडीवर गेलो. आईने ती उघडली नाही. रिपोर्ट कुणीतरी तिला वाचून दाखवला होता. तिने एवढंच विचारलं, "वारं पडल्यालं त्याला कळलं नाय का रं?" मुलगा गेलाच होता. त्यावर आपण शिकवलेलं कमी पडलं, हेही त्या कागदाने तिच्या माथी मारलं होतं.

"कळलं व्हतं, आई. त्यानं सांगितलं पन व्हतं. आमी ऐकलं नाय."

ती उठली आणि ट्रंक आत घेऊन गेली.

आता त्याच पाण्यावर शनिवार-रविवार हौशी लोकांच्या बोटी फिरतात. पुढे दोर धरून वाडीतला एखादा माणूस बसलेला असतो, आणि पाहुणे त्याला फोटोतून बाजूला व्हायला सांगतात. तुम्ही आलात तर आधी त्याचं नाव विचारा. वारा पडला आणि तो परत फिरू म्हणाला, तर फिरा. १४४१ ला नाईक बाळू उघडे तेच म्हणाला होता.