मागच्या बाकाची रीत

"अय लमाणीन, हे काय काढून राह्यली? पॅराबोला हाय का एका शिंगाचा बैल?"

अख्खा वर्ग हसला. मी फळ्यापाशी उभी. बोटांत खडू.

दारव्ह्याचं कॉलेज, अकरावी सायन्स. आमच्या तांड्यातून सायन्सला गेलेली मी एकटीच पोरगी. गणिताच्या सरांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. हजेरीत नंबर. एरवी लमाणीन.

फळ्यावर त्यांनी दिलं होतं, वाय बरोबर एक्स वर्ग वजा चार एक्स अधिक तीन. आलेख काढ. मला एकच पद्धत माहीत होती. कोष्टक करायचं. एक्सला किमती द्यायच्या, वाय काढायचा, ठिपके जोडायचे. मी शून्य घेतलं, मग उणे एक, उणे दोन, उणे तीन. वाय आला तीन, आठ, पंधरा, चोवीस. ठिपके चढत चढत फळ्याबाहेर निघाले. वळण काही येईना. माझी एकही किंमत चुकली नव्हती. वळण दुसऱ्या बाजूला होतं. ते कुठं शोधायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी माझं सगळं पुसलं. वर्गाकडं वळले.

"आलेख काढायच्या रीती पुष्कळ हायेत. पूर्ण वर्ग करून वळणाचा बिंदू काढता येते. मुळं काढून त्यायच्या मधोमध अक्ष टाकता येते. एक्स वर्गाचा साधा आलेख सरकवूनही होते. पण ते पुढच्या बाकायसाठी. मागच्यायनं कोष्टकच करा. पास व्हायले तेवढं बस्स."

मागच्या बाकांवर आम्ही. तांड्यावरचे, कोलामांच्या पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, मजुरांची पोरं. पुढं शेतीवाल्यांची, दुकानदारांची, मास्तरांची. बाक ज्याचे त्यानं निवडले, असं सर सांगायचे. खोटं. पहिल्याच दिवशी आडनाव विचारून त्यांनीच बसवलं होतं.

मग दिवसाच्या शेवटी त्या रीतींचा जादा तास सुरू झाला, म्हणायला सगळ्यांसाठी, खरा पुढच्या बाकांसाठी. त्याच तासाला मला हॉलमध्ये पाठवलं. गॅदरिंगच्या नाचाची तालीम होती. मोठे पाहुणे येणार होते.

"तुमचा तो आरशाचा घागरा घालून नाचजो. पाहुणे खूश होतात. तुमच्या तर रक्तातच हाय."

मी गेले. नाही म्हणता येतं, हेच ठाऊक नव्हतं.

हॉलची भिंत वर्गाला लागून होती. इकडं मी हात वर करून गोल फिरत होते. तिकडं खडू फळ्यावर वाजत होता. सर समजावत होते, पोरं हो म्हणत होती. शब्द ऐकू यायचे नाहीत. नुसता आवाज यायचा.

घरी याडीला, म्हणजे माझ्या आईला, सांगितलं. तिचा चेहरा उजळला. कॉलेजनं तिच्याकडं आजवर काही मागितलं नव्हतं. तिनं स्वतःच्या लग्नातली फेटिया, आमचा आरशांचा घागरा, काढली. पेटीत राहून आरसे सुटले होते. ओट्यावर बसून एक एक पुन्हा शिवत गेली. तिला काय सांगणार होते मी? याडी, तुझ्या घागऱ्यासाठी माझा तास गेला?

तांड्यात पाण्याच्या टाकीपाशी तेवढी रेंज मिळते. बापाचा मोबाईल घेऊन मी तिथं बसायला लागले. व्हिडिओ पाहायचा, थांबवायचा, आलेख मातीत काडीनं काढायचा. एका दुपारी फळ्यावरचं तेच गणित घेतलं. शून्याला वाय तीन. चारलाही तीन. म्हणजे वळण मधोमध, दोनवर. तिथं वाय उणे एक. मग पूर्ण वर्ग करून पाहिला. तेच आलं. एक्स वर्गाचा आलेख दोन घरं उजवीकडं, एक घर खाली सरकवला. पुन्हा तेच.

आनंद नाही झाला. राग आला. एवढंच होतं? एवढ्याशा गोष्टीसाठी मला भिंतीपलीकडं नाचवलं? अवघड म्हणून नव्हतं ठेवलं आमच्यापासून. आमच्या हाती पडू नये म्हणून ठेवलं होतं. त्या टाकीपाशी बसून मी रडले नाही. काडी मोडली.

चाचणी आली. एक्स वर्ग वजा सहा एक्स अधिक पाच. मी कोष्टक केलं नाही. पूर्ण वर्ग केला. वळण तीनवर, वाय उणे चार. एक आणि पाचवर अक्ष कापला. आलेख काढला. पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल शून्य. सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं.

"कोष्टक कुठं हाय?"

"लागलं नाही सर."

"कोणाचं पाहून काढलं?"

"कोणाचंच नाही. फळ्यावर काढून दाखवू का?"

"जे शिकवलंच नाही ते तुले आलं कसं?"

 या प्रश्नात त्यांनी स्वतःच सगळं कबूल केलं होतं. त्यांना कळलंही नाही.

"कॉपी केली म्हून माफी लिही. अन् उद्या गॅदरिंगले ड्रेस घालून ये. मग मी हे विसरून जातो."

बाकीचे सर, मॅडम चहा पीत होते. कुणी वर पाहिलं नाही. 

"मी कॉपी नाई केली. माफी नाई लिहित. अन् नाचायले नाई येत."

"मग माझ्या वर्गात बसाचं नाई."

"वर्ग तुमचा नाई सर. कॉलेजचा हाय. मी बसीन."

प्राचार्यांकडं गेले. ते म्हणाले, "मोठ्या माणसाच्या तोंडी कायले लागतं?" शून्य तसंच राहिलं. कॉपीचा शेरा तसाच राहिला. माझ्या बाकावरची मैत्रीण उठून दुसरीकडं बसली. याडीनं फेटिया घडी घालून पेटीत ठेवली आणि माझ्याशी बोलली नाही. मग एका संध्याकाळी भाकर वाढताना आमच्या गोरबोलीत एवढंच विचारलं, मारलं तर नाही ना तुला? नाही म्हटलं. तिनं मान हलवली. तिचं मन दुखलं होतं. त्याची भरपाई मला करता आली नाही.

मी पुढच्या बाकावर जाऊन बसले. पहिल्या दिवशी सरांनी पुस्तक मिटलं. "ही हाय तोपर्यंत तास बंद." पोरं माझ्यावर चिडली, सरांवर नाही. दुसऱ्या दिवशीही मी तिथंच बसले. त्याच्या पुढच्या दिवशीही. शेवटी पोरांच्या बापांचे फोन आले, तेव्हा सर शिकवायला लागले.

आता बारावी आहे. सर माझ्याकडं पाहत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत. मी हात वर करते, ते दुसऱ्याला उठवतात. मी पुन्हा हात वर करते. गणित मी सोडणार नाही. आणि ती माफी त्यांना मरेपर्यंत मिळणार नाही.